घरमालकांनो, भिंतीकडे बोट दाखवण्याआधी

घर भाड्याने देणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

भाडेकरू घर सोडून गेल्यानंतरची पहिली संध्याकाळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. रिकाम्या खोल्यांत आपलाच आवाज घुमतो. कपाट हललेल्या जागी भिंतीचा मूळ रंग चौकोनी उमटलेला दिसतो. आपली नजर एकेक ओरखडा टिपत जाते आणि मनात हिशेब सुरू होतो. त्या हिशेबाबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. गेली अठरा वर्षे मी दोन घरे भाड्याने देते आहे. एवढ्या काळात एका कुटुंबावर मी अन्याय केला आणि एका माणसाने माझ्या घराची नासधूस केली. दोन्ही वेळा चूक एकच होती आणि ती माझी होती, हे उमजायला मला बरीच वर्षे लागली.

अन्यायाचे आधी सांगते. ते कुटुंब साडेतीन वर्षे राहिले. भाडे कधी चुकले नाही. घर सोडताना मागच्या खोलीत खिडकीजवळच्या भिंतीवर ओल दिसली. परातीएवढा डाग, मध्ये रंगाचे पोपडे, कडेला काळसर बुरशी. मी पाहताक्षणी निकाल देऊन टाकला की यांनी खिडक्या बंद ठेवल्या, खोलीत ओले कपडे वाळवले आणि भिंत खराब केली. डिपॉझिटमधून प्लॅस्टर आणि रंग, दोन्हींचे पैसे कापले. त्या बाई काही सांगू पाहत होत्या, पण मी कागद पुढे केला आणि त्यांनी सही केली. पुढचा भाडेकरू आल्यावर आठ महिन्यांत त्याच जागी तोच डाग. या वेळी मी प्लंबरला बोलावले. त्याने भिंत फोडली तेव्हा आतल्या पाइपाच्या कोपऱ्यातला जोड झिरपत होता. तो पाइप मीच बसवून घेतला होता.

मी पैसे परत पाठवले आणि फोन केला. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, पैसे मिळाले. पण त्या दिवशी मी तुम्हाला तीनदा सांगत होते की आम्ही कपडे गच्चीवर वाळत घालतो. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत." मला त्यावर काही बोलता आले नाही.

दुसरा प्रसंग अगदी उलट. एक गृहस्थ दोन वर्षे राहिले. ते गेल्यावर पाहते तर न्हाणीघराच्या दाराला लाथेने पडलेले भगदाड, वॉशबेसिनला आरपार तडा, ओट्यावर गरम भांड्याचा जळका वर्तुळाकार डाग आणि बाहेरच्या खोलीत एका भिंतीला ड्रिलने पाडलेली अकरा भोके. विचारले तर म्हणाले, "हे सगळं आधीपासूनच असं होतं." माझ्याकडे उत्तर नव्हते. करारनाम्यात एकच वाक्य होते, "घर चांगल्या स्थितीत ताब्यात दिले आहे." चांगली स्थिती म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. एक फोटो नव्हता. मध्यस्थ म्हणून बसलेल्या वकिलांनी मला विचारले, "दार अखंड होतं हे तुम्ही कशावरून सांगता?" मी म्हणाले, "मला आठवतं ना." त्यांनी मान हलवली. बहुतेक सगळे डिपॉझिट मला परत द्यावे लागले आणि ते वकील त्यांच्या जागी बरोबर होते.

एकदा मी निरपराध माणसाला दोषी ठरवले, एकदा दोषी माणूस माझ्या हातून सुटला. दोन्ही वेळा पहिल्या दिवशी माझे घर कसे होते, हे मला स्वतःलाच नीट माहीत नव्हते. नुकसानीचा वाद घर सोडताना सुरू होतो असे आपल्याला वाटते. माझ्या मते तो किल्ल्या देतानाच हरलेला किंवा जिंकलेला असतो. म्हणून या पत्रातली सर्वात मोठी विनंती त्या पहिल्या दिवसाबद्दल आहे.

ताबा देताना घाई करू नका. सामानाची गाडी दारात उभी असताना कोणीही भिंती तपासत नाही, म्हणून आदल्या दिवशी, घर रिकामे असताना, दिवसाउजेडी भाडेकरूबरोबर फिरा. मी मुख्य दारापासून सुरुवात करते आणि उजव्या हाताने भिंत धरून पूर्ण घर फिरते, म्हणजे एकही कोपरा सुटत नाही. प्रत्येक खोलीत चारही भिंती, छत, जमीन, दारे, खिडक्या, कड्या, बिजागऱ्या, स्विच. कपाटांची आतली बाजू. सिंकखालची जागा, जिकडे कोणी वाकून पाहत नाही आणि जिथे सर्वात आधी लाकूड फुगते. आधीचा ओरखडा असेल तर त्याच्याशेजारी नाणे ठेवून फोटो काढते, म्हणजे पुढे तो लांबला की तेवढाच आहे हे कळते. पाण्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायचे आणि खालचा जोड हाताने चाचपायचा. फ्लश दोन-तीनदा ओढायचा. सगळे नळ एकाच वेळी उघडून मोरीतून पाणी किती वेगाने जाते ते पाहायचे. हे फोटोत दिसत नाही, व्हिडिओत दिसते.

फिरताना जे दिसेल त्याची लेखी यादी करा. त्या यादीत "ठीक" हा शब्द लिहू नका. "उत्तरेच्या भिंतीवर खिडकीखाली केसाएवढी उभी भेग, हातभर लांब" असे लिहा. प्रत्येक वस्तूपुढे तिचे वय लिहा. रंग कोणत्या महिन्यात दिला, गीझर कोणत्या वर्षी बसवला, दारांची पॉलिश कधीची. या वयाचे महत्त्व पुढे हिशेबात कळेल. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या त्याच कागदावर घ्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात. फोटो त्याच दिवशी भाडेकरूला पाठवून द्या, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही. आणि एक गोष्ट मी आग्रहाने करते. राहायला आल्यावर सात दिवसांत त्यांना आणखी काही दिसले तर ते यादीत वाढवायचा हक्क त्यांना देते. एका मुलीने मला पाचव्या दिवशी कळवले होते की खिडकीच्या चौकटीत वाळवीची माती आहे. ती यादी नसती तर ती वाळवी दोन वर्षांनी मी तिच्याच नावावर टाकली असती.

आता झीज आणि नुकसान. आपल्यातले निम्मे वाद या दोन शब्दांच्या गोंधळातून होतात. माणसे राहिली की घर झिजते. उन्हाने पडदे आणि रंग फिके पडतात, येण्याजाण्याच्या वाटेवर फरशीची चकाकी जाते, दार रोज उघडून बिजागरी सैल होते, नळाचा वॉशर जातो, स्विचभोवती बोटांचे डाग पडतात. भाडे आपण याचेच घेतो. नुकसान वेगळे. दाराला भगदाड, फुटलेली काच, इस्त्रीने जळलेली जमीन, न विचारता कापलेली कपाटाची फळी, तुंबलेल्या सिंकमधून वाहून खालच्या घरात उतरलेले पाणी. दोन खुणा शेजारीशेजारी असतात आणि एक झीज असते, दुसरी नुकसान. संगमरवराचेच पाहा. वर्षानुवर्षे पावले पडून तो मंद झाला तर ती झीज. पण संगमरवर हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आम्ल चालत नाही. संडास धुवायचे आम्लाचे द्रावण त्यावर ओतले की पांढरे, खरखरीत ओघळ उठतात आणि ते घासून जात नाहीत, पुन्हा पॉलिश करावी लागते. ते नुकसान. मात्र मालकाने ताबा देताना "इथे आम्लाचे द्रावण वापरू नका" असे सांगितले होते का, हा प्रश्नही विचारायलाच हवा. मी तो इशारा आता लिहून देते.

खिळ्यांबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही. चार-पाच बारीक खिळ्यांची भोके मी मोजत नाही. ज्या घरात माणसाला आपल्या माणसाचा फोटो लावता येत नाही, ते घर कसले? ड्रिलची अकरा भोके ही निराळी गोष्ट, आणि भिंतीत लपलेल्या वायरींचा किंवा पाइपांचा मार्ग न विचारता ड्रिल चालवणे ही तर धोक्याची गोष्ट. मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रे नुकसानीत येतात, पण ती पुसून जातात की नाही हे आधी पाहा. स्वयंपाकाच्या धुराने पिवळे पडलेले छत झिजेत येते, पण जाळीवर बोटभर साचलेले तेल अस्वच्छतेत येते आणि त्याचे पैसे स्वच्छतेपुरतेच घ्यायचे. किती माणसे किती वर्षे राहिली, हे विसरू नका. पाच जणांच्या कुटुंबाला घर देताना पाच जणांची झीज आपण मान्य केलेली असते.

खरे नुकसान झाले असले तरी हिशेब कसा करायचा, यात आपण सर्रास चुकतो. जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू मागतो. समजा एका रंगाचे आयुष्य सहा वर्षे धरले. भाडेकरू चार वर्षे राहिला आणि जाताना एक भिंत न पुसणाऱ्या शाईने खराब झालेली आहे. चार वर्षांचा रंग वापरून झाला. उरलेली दोन वर्षे त्याच्यामुळे गेली. म्हणजे त्या एका भिंतीच्या खर्चाचा एक तृतीयांश भाग त्याने द्यायचा, पूर्ण घराचा रंग त्याच्या डिपॉझिटमधून काढायचा नाही. रंग सात वर्षांचा असता तर ती भिंत रंगवणे आपलेच काम होते. हेच गणित गालिच्याला, गादीला, गीझरला लागू पडते. म्हणून यादीत वय लिहा म्हणाले. ज्या वस्तूचे वय सांगता येत नाही, तिचे उरलेले आयुष्यही सांगता येत नाही. एक टाईल फुटली तर एका टाईलचे आणि ती बसवण्याच्या मजुरीचे पैसे घ्यावेत. तशी टाईल आता बाजारात मिळत नाही म्हणून सगळी जमीन नवी करून त्याचे बिल भाडेकरूला लावणे मला अप्रामाणिक वाटते. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना जास्तीच्या डझनभर टाइल्स माळ्यावर ठेवून द्या. त्याच रंगाचा एक डबाही, वर नंबर लिहून. रंग फार वर्षे टिकत नाही, पण तो नंबर टिकतो.

ओलीबद्दल मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण माझा अपराध तिथलाच. भिंतीवरची बुरशी तीन ठिकाणच्या पाण्यावर वाढते. बाहेरून येणारे पावसाचे पाणी, आतल्या पाइपांतून झिरपणारे पाणी आणि खोलीतल्या हवेतली वाफ. पहिली दोन मालकाची, तिसरी बहुधा वापराची, तीही पूर्णपणे नाही, कारण वाफ बाहेर जायला खिडकी किंवा पंखा हवा आणि तो देणे आपले काम. वाफेची बुरशी साधारणपणे बाहेरच्या थंड भिंतींच्या कोपऱ्यांत, कपाटामागे, जिथे हवा खेळत नाही तिथे ठिपक्याठिपक्यांनी पसरते. गळतीचा डाग एका जागी असतो, त्याला पिवळट कड असते आणि तो वाढत जातो. भिंतीतून पाणी बाहेर येत असेल तर मागे पांढरे, पिठासारखे क्षार राहतात. ते दिसले की खोलीतल्या वाफेला दोष देण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा. शंका असेल तर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस थांबा. दव खोलीच्या बाजूने जमले तर ओल हवेतली, भिंतीच्या बाजूने जमले तर भिंतीतली. घरातले सगळे नळ बंद करून तासभर पाण्याचा मीटर पाहा. काटा सरकला तर कुठेतरी गळते आहे. पण काटा सरकला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण सांडपाण्याचा पाइप आणि न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग मीटरवर दिसत नाही. एवढे केले असते तर मला भिंत फोडायच्याही आधी खरे कळले असते.

भाडेकरू वेळेवर सांगत नाहीत ही आपली नेहमीची तक्रार. खरी आहे. सिंकखाली टपटप सुरू असते आणि सहा महिन्यांनी फुगलेले कपाटच आपल्याला दिसते. पण ते का सांगत नाहीत, हेही पाहू या. सांगितले की मालक आधी विचारतो, "तुम्ही काय केलंत?" मग माणूस गप्प बसतो आणि पाणी झिरपत राहते. मी आता करारातच लिहिते की बिघाड दिसल्यापासून दोन दिवसांत कळवला तर त्याचे कारण शोधण्याचा खर्च माझा. मुद्दाम मोडतोड केली असेल तर गोष्ट वेगळी. हे लिहायला लागल्यापासून मला वॉशर, सील, सैल झालेला फ्लश असल्या लहानसहान गोष्टींचे निरोप येतात. मोठे बिल गेल्या सहा वर्षांत आलेले नाही.

आणि एवढे सगळे करूनही कोणी घराची वाट लावली तर? लागते, मी पाहिले आहे. राग येतो, घशाशी येतो. त्या रागात पाणी किंवा वीज तोडू नका, कुलूप बदलू नका, सामान अडकवून ठेवू नका. तसे केले की नुकसान करणारा फिर्यादी होतो आणि आपण आरोपी. भाडेकरूच्या घराचे फोटो चारचौघांत फिरवू नका. घर सोडण्याच्या साधारण दोन आठवडे आधी एकदा बरोबर फिरा आणि काय दुरुस्त करावे लागेल ते सांगा. बरीच माणसे स्वतःहून नीट करून देतात. फक्त काम माहितगाराकडून करून घ्यावे, एवढी अट घाला. नाही केले तर दुरुस्तीला हात लावण्याआधी पुन्हा फोटो, शक्यतो पहिल्या दिवशीच्याच कोनातून. दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्या. फुटलेले बेसिन लगेच फेकू नका. मग एकेका वस्तूचा हिशेब लिहा, की काय मोडले, दुरुस्तीला किती, वय किती, म्हणून कापले किती. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती त्याच दिवशी परत करा. वादाच्या रकमेसाठी सगळे डिपॉझिट दाबून ठेवणे मला खंडणीसारखे वाटते. कोणाला नवीन घराचे डिपॉझिट भरायचे असते आणि त्याचे पैसे आपल्याकडे अडकलेले असतात.

नुकसान डिपॉझिटहून मोठे असेल तर लेखी मागणी करा, हप्त्यांची तयारी दाखवा, दोघांना मान्य असा मध्यस्थ बघा, आणि शेवटी कोर्ट आहेच. मुद्दाम केलेली तोडफोड असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवा. घराचा विमा असेल तर पॉलिसी आजच वाचा. झीज विम्यात बसत नाही, आणि भाडेकरूने केलेले नुकसान बसते की नाही हे पॉलिसीप्रमाणे बदलते.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण गाभा मला सगळीकडे एकच दिसतो. भारतातल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने घर मिळाले तसे परत करावे असे म्हटले आहे आणि त्यातून वाजवी झीज स्पष्टपणे वगळली आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून बहुतेक खासगी भाडेकरारांतले डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावे लागते. जर्मनीत घराचे डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकाच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागते. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत कपातीचा तपशीलवार हिशेब द्यावा लागतो. या सगळ्यामागची समजूत अशी, की डिपॉझिट भाडेकरूचे आहे आणि ते आपल्याकडे ठेवायला दिलेले आहे. मी ते आता वेगळ्या खात्यात ठेवते. पूर्वी ते माझ्या खर्चात मिसळून जायचे, आणि परत द्यायची वेळ आली की ओरखडे शोधायला मन आपोआप तयार व्हायचे. हे कबूल करताना मला लाज वाटते, पण तुमच्यातल्या अनेकांचे असे होत असणार, म्हणून लिहिते आहे.

माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरातून गेलेल्या शेवटच्या तीन भाडेकरूंच्या हिशेबाचे कागद काढा. कपात कशाची केली, त्या वस्तूचे वय काय होते, पहिल्या दिवसाचा फोटो आहे का, हे तपासा. एखाद्या कपातीला आधार सापडला नाही, तर त्या माणसाचा नंबर तुमच्या फोनमध्ये अजून असेल. मी केला तसा एक फोन करा. माझी ताबा यादी ज्यांना हवी असेल त्यांना मी आनंदाने देईन. ती नऊ पानांची आहे आणि तिच्यात सिंकखालच्या जागेला अख्खे अर्धे पान आहे.

आपली,
एक घरमालकीण